हस्ताचा पाऊस आणि ज्वारीचा भाव

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव, अशी साधारण समजूत आहे. परंतु बाजाराकडे बारकाईनें पाहिल्यास असें आढळतें कीं, धान्य संपण्याच्या पुष्कळ आधीं भाव चढतो, आणि भाव चढतो त्याच सुमारास गरिबाची मजुरी बंद पडते. साहाय्य केव्हां करावें हें ह्या क्रमावरूनच ठरतें. म्हणून निधीची याचना करण्यापूर्वीं आम्ही व्यापारी, जमीनदार व दात्या गृहस्थांचें लक्ष त्याकडे वेधूं इच्छितों.

सोलापूर, नगर ह्या बाजूच्या काळ्या रानांत शाळू ज्वारी उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरली जाते. पुढें ती जमिनींतील ओलीवर वाढून माघ-फाल्गुनांत खळ्यावर येते. हस्त कोरडा गेला तर पीक बुडाल्याचें अडत्यास आश्विनांतच कळतें. पेवांत गतवर्षींचें धान्य असतें, तरी भाव त्याच आठवड्यांत हलतो. कारण भाव हा आजच्या साठ्याचा नसून येणाऱ्या फाल्गुनाचा असतो. इकडे पेरणी नाहीं म्हणून खुरपणी नाहीं, कापणीही नाहीं. शेतमजुराची पांच महिन्यांची मिळकत एकदम जाते.

इ. स. १८७६ सालीं दख्खनेंत असेंच घडलें. पावसाळ्याचा उत्तरार्ध कोरडा गेला. आगगाडीनें बाहेरून धान्य येत होतें. पण तें घेण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं गांवोगांवचे वृत्तान्त मिळवून प्रसिद्ध केले. उलट १९७२ च्या अवर्षणांत सरकारी कामें निघालीं, मे १९७३ मध्यें त्यांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं, आणि हातीं मजुरी असल्यामुळें परदेशची तांबडी मिलो कां होईना, ती त्यांच्या चुलीपर्यंत पोंचली.

१९७२ सालीं पॅसिफिक महासागराचें पाणी असाधारण तापलें होतें. त्यास आतां एल निनो म्हणतात, व त्याची वार्ता पावसाच्या कित्येक महिने आधीं बाजारांत पोंचते. वार्तेवर भाव चढविणें मात्र धोक्याचें आहे; १९९७ सालीं एल निनो अति प्रबळ असूनही हिंदुस्थानांतील पाऊस सरासरीस उतरला.

व्यापाऱ्यांस सरसकट दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. आश्विनांत चढलेल्या भावामुळें लोक हात आंखडून खातात, आणि पेवांतील धान्य ज्येष्ठापर्यंत पुरतें. परंतु ह्या काटकसरीचा लाभ ज्याच्या गांठीं चार पैसे आहेत त्यासच. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याची काटकसर म्हणजे उपासच.

सर्वांत मोठी हानि मात्र धान्याच्या बाजारांत दिसत नाहीं. ती गुरांच्या बाजारांत दिसते. ज्वारी गेली म्हणजे कडबाही गेला. शेकडा पेंढ्यांचा भाव चढूं लागतांच प्रत्येक कुणबी आपली जोडी बाजारांत आणतो. विकणारे सारेच, घेणारा विरळा. ज्वारी महाग आणि बैल स्वस्त, अशा कात्रींत तो सांपडतो, व जोडी विकून आलेल्या पैशांत घरचे दाणे फार दिवस पुरत नाहींत. पुढच्या मृगांत पाऊस चांगला झाला तरी औतास बैल नसतो, आणि आतां सारेच घेणारे झाल्यामुळें बैलांचा भाव चढलेला असतो. एका वर्षाचें अवर्षण अशा रीतीनें दुसऱ्या वर्षाच्या पिकासही खातें.

यास्तव आमची विनंति अशी आहे. जमीनदारांनीं विहिरींचा गाळ व बांधबंदिस्ती हीं कामें कार्तिकांतच काढावीं व मजुरी आठवड्याच्या बाजारापूर्वीं द्यावी. व्यापाऱ्यांनीं आपल्या साठ्यांतील कांहीं भाग खरेदीच्या भावानें गरिबांसाठीं राखावा. दात्यांनीं आपली रक्कम मार्गशीर्षाच्या आंत पाठवावी. कारण जेथें खरीप ज्वारी साधली असेल तेथील कडबा त्याच सुमारास निघतो, आणि तेव्हां जितक्या पेंढ्या मिळतात तितक्या चैत्रांत त्याच रुपयांत मिळत नाहींत.