नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर प्रोग्रॅम क्रॅश होतात? फॉरमॅटचे पैसे देण्याआधी हे तपासा

कार्ड बसवलं, दोन दिवस बरं चाललं आणि आता गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग मधेच बंद पडतं. दुकानात फोन केलात की बहुतेक वेळा उत्तर येतं, "विंडोज फॉरमॅट मारावी लागेल." त्याचे साधारण ५०० ते १,००० रुपये, डेटा बॅकअपचे वेगळे, माणूस घरी आला तर व्हिजिटचे आणखी वेगळे. एवढं करून क्रॅश थांबेलच याची हमी कुणी देत नाही. पहिल्या तपासण्या फुकट आहेत आणि एका संध्याकाळी उरकतात. मात्र त्या आजच करा. कार्ड ऑनलाइन घेतलं असेल तर रिप्लेसमेंटची मुदत अनेकदा सात-दहा दिवसांचीच असते.

आधी नेमकं काय बंद पडतं ते पाहा. फक्त प्रोग्रॅम बंद होऊन तुम्ही डेस्कटॉपवर येता, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्या. अख्खा पीसीच बंद पडतो किंवा रिस्टार्ट होतो, तर विजेवर. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसत असतील, तर कार्डावर. मग विंडोजच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तिथे तारखेवार लाल फुल्या दिसतील. कार्ड बसवण्याच्या आधीच्या तारखांनाही त्याच प्रोग्रॅमच्या फुल्या असतील, तर दोष नव्या कार्डाचा नसण्याची शक्यता मोठी. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढे दुकानात लागेल.

ड्रायव्हरसाठी एक रुपयाही देऊ नका. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत' असं सांगून वर्षाची वर्गणी मागणारी सॉफ्टवेअर टाळा. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल तिघांचेही ड्रायव्हर त्यांच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या मोफत प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, रिस्टार्ट करा आणि नवा टाका. तासाभराचं काम. आधीचं कार्ड एएमडीचं आणि नवं एनव्हिडियाचं, किंवा उलट असेल, तर ही पायरी गाळूच नका. एडिटिंग किंवा डिझाइनचं काम करत असाल तर एनव्हिडियाचा 'गेम रेडी'ऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर घ्या. तोही मोफतच. आणि मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच लावली आहे ना, मदरबोर्डला नाही, हेही बघून घ्या.

आता वीज. पीसी लोडवर बंद पडत असेल तर खरं कारण इथे सापडण्याची शक्यता जास्त, आणि दुकानात याचीच चौकशी सगळ्यात कमी होते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेतं. त्यासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, सुचवते. आरटीएक्स ४०७० साठी ६५० वॅट. कॅबिनेट उघडा, एसएमपीएसवरचं लेबल वाचा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीत किती वॅट दिलेत ते पाहा. कार्ड मुख्यतः त्याच ओळीवर चालतं.

केबलही बघा. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला फुटलेली दोन टोकं लावून भागवू नका. प्लग 'टक' आवाज येईपर्यंत आत गेला पाहिजे. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची मोड्युलर केबल कधीच लावू नका. टोक बसलं तरी आतली पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि पार्ट जळतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते ती यूपीएसची. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. जुन्या कार्डावर तो निभावून गेला. नवं कार्ड क्षणभर जोर लावतं, यूपीएस किंचाळतो आणि पीसी बंद. मुसळधार पावसाचा दिवस सोडून कधीतरी पीसी अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटला थेट लावून तोच गेम चालवून बघा. क्रॅश थांबला तर खर्च यूपीएसचा आहे, कार्डाचा नाही.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस अंदाजे ३,५०० ते ५,००० रुपयांना मिळतो. १,१०० व्हीएच्या आसपासचा यूपीएस सहा-सात हजारांना. दोन्ही एकदम घेऊ नका, आधी मित्राचा एसएमपीएस लावून पाहा. आणि दुकानदाराने इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद दाखवून "एसएमपीएस गेला" म्हटलं तर लगेच मान्य करू नका. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्या. 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा एरर आला की सगळे कार्ड बदलायला धावतात. यातल्या अनेक ठिकाणी दोष प्रोसेसरचा निघाला. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य केला, बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट मोफत आहे, पण ते चालू असताना वीज जाता कामा नये. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

दोष रॅमचाही असू शकतो. त्यासाठी बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून एक दिवस वापरून बघा. नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा. हेही मोफत.

एवढं करूनही क्रॅश होतच असेल तर कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघा. तिथेही तेच झालं तर वॉरंटी. सोबत जीएसटीचं पक्कं बिल, बॉक्स, कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो आणि क्रॅशचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. बिलावर तोच सीरियल नंबर छापलेला हवा. लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" हा सौदा नाकारा. त्याच अठरा टक्क्यांसाठी पुढे वॉरंटी अडते. परदेशातून आणलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी आहे का, ते पैसे देण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकून तपासा. कार्ड जमा करताना जॉब शीट घ्या, तिच्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि 'चेकिंग चार्ज' किती ते तेव्हाच विचारा. वॉरंटीतल्या कार्डाला तो का लावता, हेही विचारा. कुरिअरचा खर्च कोणाचा ते लेखी घ्या. कार्ड परत यायला पंधरा दिवस ते महिना धरून चाला.

टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मोफत आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते.