कातळ, अरण्य आणि माळ
सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर जांभ्या कातळावरील मातीचा थर अत्यंत पातळ आहे. तेथे मोठे वृक्ष क्वचितच रुजतात, परंतु पावसाळ्यात ‘सीतेची आसवे’ व ‘दवबिंदू’ या वनस्पती (नावे नाजूक, आहार मात्र सामिष!) कीटक पकडून मातीतील नत्राची उणीव भरून काढतात. पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यात सदाहरित अरण्य असून त्याच्या शेंड्यांवर शेकरू वावरते. पूर्वेस सोलापूरजवळील नान्नज येथे पर्जन्य उणा व गवत आखूड. म्हणूनच काळवीट व माळढोक यांना तेथे दूरवरचा शत्रू हेरता येतो. माळढोकसाठी १९७९ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. तथापि, अशा माळांची गणना दीर्घकाळ ‘पडीक’ जमिनीतच होत आली. त्यांवर सद्हेतूने लावलेली दाट झाडी माळढोकची दृष्टी अडवते आणि तो पक्षी ती जागा टाळू लागतो.