केसपेपरच्या खिडकीतून

पिंपरी-चिंचवडच्या एका मोठ्या रुग्णालयात मी बावीस वर्षं केसपेपर आणि नोंदींचं काम केलं. नवी योजना आली की वरून विचारणा व्हायची, रुग्ण वाढले की घटले? त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते सांगतो.

१. मे महिन्याशेजारी ऑगस्ट ठेवू नये. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने वॉर्ड भरतातच. ऑगस्टशी ऑगस्टच ताडावा, तोही तीन-चार वर्षांचा. २०२० मात्र बाजूला ठेवावं. करोनाच्या धास्तीने कितीतरी जण दवाखान्याची पायरी चढलेच नाहीत.

२. राजीव गांधी जीवनदायी योजना (आजची महात्मा फुले योजना) जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होतं, पुणे नव्हतं. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तेव्हा या उशिराचा राग यायचा. पण पारख करायची तर ते सोळा महिने मोलाचे. त्या काळात सोलापुरात शस्त्रक्रिया जितक्या वाढल्या तितक्याच पुण्यातही वाढल्या असतील, तर श्रेय योजनेला देता येत नाही.

३. गर्दी वाढली म्हणजे आजार वाढले, असं नाही. बिलाच्या भीतीने हर्निया वर्षानुवर्षं पट्ट्याने आवळून कामावर जाणारी माणसं योजना आल्यावर खिडकीशी आली. अशा गर्दीला मी चांगलंच म्हणेन.

४. नोंदवहीत जे नाहीत, त्यांचा विचार आधी करावा. जीवनदायीला महाराष्ट्राचं पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. चाकण, महाळुंगे, निघोजे इथल्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांकडे ते कुठून असणार? त्यांना आधार ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. जानेवारी २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा १५ हजारांवरून २१ हजार झाली, विमाधारक वाढले. पण एक दिवस प्रेसमध्ये दोन बोटं गेलेला पोरगा आला. अपघात सकाळचा, ठेकेदाराने त्याची ईएसआय नोंदणी केली दुपारी. तो कामावर लागून सात महिने झाले होते. आकड्यांत मात्र तोही नवा विमाधारक.

कामावर लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी करणं मालकावर बंधनकारक आहे. कामगार बंधूंनो, मशिनला हात लावण्याआधी आपला विमा क्रमांक मागून घ्या.