घरातली मैफल, मदतीची पंगत

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संगीत मानापमान’चा एक प्रयोग झाला. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. ललितकलादर्श आणि गंधर्व या एकमेकींशी चढाओढ असलेल्या दोन नाटक मंडळ्या त्या दिवशी एकत्र उभ्या राहिल्या, त्या टिळक स्वराज्य फंडासाठी. युरोपातल्या ऑपेराच्या सर्वांत जवळ जाणारं आपलं रूप म्हणजे संगीत नाटक. ते पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने रुजलं, आणि चांगल्या कामासाठी निधी उभा करायला ते पूर्वीपासून उपयोगी पडत आलं आहे.

आजच्या पुण्यात स्वारगेटच्या परिसरात मोठ्या कार्यक्रमांची सोय आहे. गणेश कला क्रीडा मंच इथेच आहे, आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आता शेजारच्या मुकुंदनगरात भरतो. पण मुकुंदनगर, महर्षीनगर किंवा गुलटेकडीतल्या एखाद्या घरात पंचवीस-तीस माणसांची नाट्यसंगीताची बैठक, त्यानंतर जेवण आणि त्यातून एका कामाला मदत, हे थोड्या तयारीने कुणालाही जमण्यासारखं आहे. अशा बैठकीत गाणारा, ऐकणारा आणि ज्या कामासाठी पैसे द्यायचे त्या कामाचा माणूस एकाच खोलीत बसतात. त्या विश्वासावरच लोक देतात, म्हणून गाणं आणि हिशेब दोन्ही सारखेच चोख हवेत. तयारी या क्रमाने करावी.

१. काम एकच निवडा

‘समाजकार्यासाठी’ एवढ्यावर हात खिशात जात नाही. काम नेमकं हवं, आणि त्याचा आकडा सांगता यायला हवा. स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सातारा, सांगली, सोलापूरकडून शिकायला आलेली मुलं रोज उतरतात. त्यांच्यातल्या काहींचा वर्षभराच्या मेसचा खर्च उचलणं, हे इथे शोभणारं काम आहे. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात वारी सात घरं त्यांना ताट वाढत. त्याच शहरात घरच्या पंगतीतून विद्यार्थ्यांची सोय व्हावी, हे सुसंगतच आहे. १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवणारी विद्यार्थी साहाय्यक समिती, किंवा अशीच तुमच्या ओळखीची नोंदणीकृत संस्था गाठा. एका विद्यार्थ्याला महिन्याला किती लागतात हे त्यांना विचारा आणि तोच आकडा आमंत्रणात घाला.

२. पैशाची वाट आधी आखा

देणगी यजमानाच्या खात्यात घेऊ नका. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर महाराष्ट्रात कायद्याचं बंधन आहे. नोंदणी नसलेली गणेश मंडळं वर्गणीसाठी त्या कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढतात, ती त्यामुळेच. सोपा मार्ग असा, की धनादेश संस्थेच्या नावाने असावा, क्यूआर कोड संस्थेचा असावा आणि पावतीही तिनेच द्यावी. तिला ८०जीची मान्यता आहे ना, हे आधी पाहून घ्या. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयकराची सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांनाही ती नसते. पावतीसाठी देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन लागतो. हे सगळं आमंत्रणाच्या खाली दोन ओळींत लिहा.

जेवणाचं तिकीट लावू नका. जेवण हे यजमानाचं आदरातिथ्य आहे आणि देणगी ऐच्छिक आहे. दोन्ही वेगळी ठेवली की हिशेब स्वच्छ राहतो, आणि ज्याला कमी द्यायचं आहे तोही ताठ मानेने पंगतीला बसतो. जेवणाचा आणि कलाकारांच्या मानधनाचा खर्च यजमान व दोन-तीन सहयजमानांनी वाटून घ्यावा. मग ‘तुम्ही दिलेला प्रत्येक रुपया कामाला जाईल’ हे वाक्य निःशंकपणे म्हणता येतं.

३. दिवस आणि वेळ

रविवारची सकाळ धरा. पावणेदहाला चहा, दहाला गाणं, सव्वाबाराच्या सुमारास भैरवी आणि साडेबाराला पानं. गणेशोत्सवाचे आणि पालख्या पुण्यात असण्याचे दिवस टाळा, रस्ते बंद असतात. डिसेंबरात सवाईच्या आसपास गाणारे आणि ऐकणारे दोन्ही गुंतलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम: हवा गार असते आणि पंखे बंद ठेवता येतात.

४. खोली मोजा, मग नावं काढा

पंधरा बाय बारा फुटांची खोली म्हणजे १८० चौरस फूट. त्यातली आठ बाय सहा फूट जागा गाणाऱ्यांना गेली की उरतात साधारण १३०. जमिनीवर ऐसपैस बसायला माणशी सहा चौरस फूट धरले तर वीस जण बसतात. जेवणाची खोली जोडून असेल तर तिथे ज्येष्ठांसाठी आठ-दहा खुर्च्या मावतात. तीसच्या पुढे जाऊ नका. आमंत्रण फोनवर द्या आणि आठवडाभर आधी पुन्हा विचारा, कारण पानांचा अंदाज त्यावरच बसतो.

रस्त्याकडची खोली टाळा. जेधे चौकाकडून सातारा रस्ता किंवा शंकरशेठ रस्त्यावर येणाऱ्या वाहनांचे भोंगे तानपुऱ्याला गिळून टाकतात. आतली खोली घ्या, खिडक्यांना जाड पडदे लावा, जाजम अंथरा; कापडामुळे घुमणारा आवाजही आटोक्यात येतो. एवढ्या जागेत माइकची गरज नाही, आणि माइक नसला की गळ्यातली बारीक हरकतही कानापर्यंत पोहोचते.

५. कलाकारांशी मोकळं बोला

मानधनाचा विषय पहिल्याच फोनवर काढा. ‘चांगलं काम आहे’ म्हणून फुकट गायला सांगणं बरं नाही. गाणं हा त्यांचा व्यवसाय आहे. त्यांना स्वतःहून काही सोडायचं असेल तर तो निर्णय त्यांचा. तरुण गायक हवा असेल तर भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या भारत गायन समाजासारख्या संस्थेत चौकशी करता येईल.

पट्टी विचारून घ्या. बायकांची काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन अशी सर्वसाधारण असते, आणि तबला त्याप्रमाणेच आणावा लागतो. नाट्यसंगीताला ऑर्गन शोभतो, पण तो जिन्याने वर चढवणं अवघड. पेटी पुरेशी आहे. तबलजी मात्र नाट्यपदांना साथ करण्याची सवय असलेला हवा. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज साथीला असे, यावरून या संगीतात साथीचं वजन कळतं. कलाकारांना तासभर आधी बोलवा, वाद्यं लावायला वेगळी खोली द्या आणि कोमट पाणी जवळ ठेवा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर परवानगी आधी घ्या.

६. गाण्याचा क्रम

सुरुवात सकाळच्या रागाने, तोडी किंवा जौनपुरीच्या ख्यालाने, अर्धा तास. मग दोन मिनिटांत पुढच्या पदांची गोष्ट आणि त्यानंतर पदं. भास्करबुवांनी ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांच्या चाली ख्यालातल्या चिजांवरून बांधल्या. आधी ख्याल ऐकलेला असेल तर हे नातं श्रोत्यांना चटकन उमगतं. सहा-सात पदं पुरे. प्रत्येकाआधी नाटक, प्रसंग आणि राग एवढंच सांगा. नाटकात पदाचा राग प्रसंग पाहून येतो, घड्याळ पाहून येत नाही, त्यामुळे सकाळी यमन चालेल का हा प्रश्न गायकावर सोपवा.

आवाहन भैरवीच्या आधी करा. संस्थेच्या एकाच माणसाने पाच मिनिटं बोलावं: काम काय, एकाला किती लागतं, आज किती जणांची सोय व्हायला हवी. रक्कम वाचून दाखवायची नाही, नावं पुकारायची नाहीत. भैरवीनंतर भाषण नको.

७. स्वयंपाक

गाणं सुरू व्हायच्या आत कुकर, मिक्सर आणि फोडण्या आटपलेल्या असाव्यात. पोळ्या बाहेरून आणाव्यात. बेत नेहमीचाच: वरण-भात-तूप-लिंबू, बटाट्याची भाजी, अळूची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, पोळ्या, श्रीखंड, मठ्ठा. तीस माणसांना ९० ते १०० पोळ्या, दोन्ही भातांचे मिळून अडीच किलो तांदूळ, तीन किलो श्रीखंड आणि तीन लिटर दह्याचा मठ्ठा असा अंदाज धरा. एखादी भाजी तरी कांदा-लसणाविना असू द्या. भाजी आणि फुलं मार्केट यार्डात किंवा मंडईत मिळतात. बाजाराचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

बहुतेक गायक गाण्याआधी पोटभर जेवत नाहीत, त्यामुळे त्यांना कडकडून भूक लागलेली असते. त्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडा. संस्थेतले विद्यार्थी येणार असतील तर त्यांनाही पाहुणे म्हणून त्याच पंगतीत बसवा, वाढपाला लावू नका.

८. शेजार आणि वाहनं

सोसायटीच्या सचिवांना आठवडाभर आधी पत्र द्या आणि शेजारच्या घरांनाही आमंत्रण द्या. स्वारगेटला गाडी लावायला जागा मिळणं कठीण आहे. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत भुयारातून येते, एसटी आणि पीएमपीची स्थानकंही तिथेच आहेत. ‘शक्यतो मेट्रोने या’ असं आमंत्रणातच लिहा आणि स्थानकापासूनची वाट सांगा. वाद्यं आणणाऱ्या गाडीसाठी मात्र दारातली जागा राखून ठेवा.

९. पंधरा दिवसांत हिशेब

संस्थेकडून एकूण जमा रक्कम लेखी घ्या. आलेल्या प्रत्येकाला एका पानाचं पत्र पाठवा: एकूण देणगी, तिच्यातून किती विद्यार्थ्यांची किती महिन्यांची सोय होते, आणि खर्च कुणी उचलला. पावत्या पोहोचल्या का, हे फोन करून विचारा. कलाकारांनाही हेच पत्र जाऊ द्या, आपल्या गाण्यातून काय उभं राहिलं हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. सहा महिन्यांनी संस्थेकडून प्रगती विचारून तीही सगळ्यांना कळवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी आपलं घर देऊ केलं, तर हे पत्र, पानांचा अंदाज आणि नावांची यादी त्यांच्या हाती द्या. एका घराने केलेली तयारी दुसऱ्या घराला अशी तयारच मिळाली, की दरवर्षी कुणा ना कुणा मुलांच्या मेसचा प्रश्न नक्की सुटेल.