हेब्बाळमध्ये अरबी शिकताना पैसे आधी कशाला मोजावेत?

बंगळूरला उपचारांसाठी इराक, ओमान, येमेनहून रुग्ण येतात. दुबईत १९८७ साली सुरू झालेल्या अ‍ॅस्टर समूहाचं एक रुग्णालय तर हेब्बाळमध्येच आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या मराठी परिचारिकेनं अरबीचा क्लास जरूर लावावा, पण वर्षाची फी एकरकमी भरू नये.

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था अरबीसाठी सुमारे २,२०० तास धरते. रोज एक तास दिला तरी सहा वर्षं. नाइट ड्यूटी करून सगळंच शिकायला जाल तर काहीच हाती लागणार नाही.

लिपीवर पैसे घालवू नका. २८ अक्षरं आहेत. ड्युओलिंगो फुकट आहे, वही आपली. अंक मात्र पहिल्याच आठवड्यात पक्के करा, कारण आखाती आणि इराकी कागदांवर शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्याला शून्य वाटणारं वर्तुळ म्हणजे पाच! औषधाच्या मात्रेत ही गल्लत परवडणारी नाही. बोलताना अरब पंचविसाला ‘पाच आणि वीस’ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच एकक आधी. ‘हिशेब’, ‘तारीख’, ‘फक्त’ हे आपले शब्दही मूळचे अरबीच.

पैसे मोजायचे ते कानासाठी आणि जिभेसाठी. घशातून काढलेल्या ‘क’नं ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, साध्या ‘क’नं ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. हे अ‍ॅप नीट सुधारत नाही, समोरचा शिक्षकच सुधारतो. तासाला ५०० रुपये धरले तर वीस तासांचे १०,०००. आठवड्याला दोन तास घेतले तर अडीच महिने. एवढ्यात नाव, वय, कुठे दुखतंय, उपाशी आहात का, इतकं विचारता आणि समजून घेता आलं पाहिजे. लेखन आणि व्याकरण नंतर. प्रमाणपत्रच हवं असेल तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा व्यवहारोपयोगी अरबीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

फी ठरवताना जीएसटी धरून सांगताय का, हे विचारा. मोठ्या क्लासला तो १८ टक्के पडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिक्षक कुठली बोली शिकवणार? ‘काय’ला पुस्तकी अरबीत ‘माझा’, इराकमध्ये ‘शिनू’, इजिप्तमध्ये ‘एह’ म्हणतात. तुमच्या वॉर्डात जास्त रुग्ण कुठल्या देशाचे येतात, ते आधी बघा आणि त्या बोलीचाच शिक्षक शोधा.