क्विक मास्क लालच का असतो?

प्रश्न : लग्नाचे अल्बम करणाऱ्या मित्राकडे बसून मी फोटोशॉप शिकतो आहे. लॅसोने सिलेक्शन केलं की कडेनं मुंग्यांची रांग पळायला लागते, एवढं कळतं. पण तो मध्येच 'क्यू'चं बटण दाबतो, बाहेरचा सगळा भाग लाल होतो आणि मग हा ब्रश घेऊन रंगवत बसतो. रंगवून सिलेक्शन कसं काय होतं? आणि तो पडदा लालच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लाल रंगाचं आधी सांगतो, कारण तो फोटोशॉपपेक्षा जुना आहे. छपाईची सगळी तयारी हातानं व्हायची तेव्हा चित्राचा एखादा भाग झाकायला रुबीलिथ नावाची फिल्म वापरत. खाली पारदर्शक पॉलिस्टर आणि वर पातळ लाल थर. धारदार पात्यानं फक्त वरचा थर कापायचा आणि नको तेवढा सोलून काढायचा. लाल थरातून खालचं चित्र कारागिराला दिसत राही. पण ज्या फिल्मवर ते काम उतरवायचं, तिला लाल प्रकाश दिसतच नसे. तिच्या लेखी लाल म्हणजे ठार काळा. डोळ्यांना आरपार आणि फिल्मला बंद, झाकायला याहून सोयीचा रंग कुठला! इंटेलच्या 1971 सालच्या 4004 या पहिल्या मायक्रोप्रोसेसरचे आराखडेसुद्धा अशाच रुबीलिथवर कापलेले होते.

फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं तेव्हा ते हाती घेणाऱ्यांत छपाईवाले भरपूर होते. लाल म्हणजे झाकलेलं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. तोच रंग पुढे चालू राहिला. त्यात पवित्र काही नाही. नवरीचा शालू लाल असेल तर लाल पडदा कुठे संपतो आणि शालू कुठे सुरू होतो, हेच कळत नाही. अशा वेळी टूलबारमधल्या क्विक मास्कच्या चिन्हावर डबल क्लिक करून पडदा हिरवा किंवा निळा करून घ्या. तिथेच त्याचा दाटपणाही कमीजास्त करता येतो. मुळात तो पन्नास टक्के असतो.

आता रंगवण्याचं. मुंग्यांची रांग 1984 सालच्या मॅकपेंटपासून लोकांच्या ओळखीची झाली. दिसते छान, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. प्रोग्रामच्या आत सिलेक्शन म्हणजे रेघ नसतेच. तुमच्या फोटोएवढंच लांबरुंद असं एक कृष्णधवल चित्र असतं. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 यांपैकी एक आकडा. पांढरा म्हणजे पूर्ण निवडलेला, काळा म्हणजे अजिबात नाही, आणि मधले सगळे करडे म्हणजे थोडाथोडा. मुंग्या फक्त पन्नास टक्क्यांच्या हद्दीवरून धावतात. चाळीस टक्के निवडलेला पिक्सेल रांगेबाहेर दिसतो, तरी कॉपी केलात की तोही चाळीस टक्के सोबत येतो. सबंध सिलेक्शनमध्ये पन्नास टक्क्यांच्या वर काहीच नसेल, तर फोटोशॉप तशी सूचना देतं आणि एकही मुंगी दिसत नाही, पण सिलेक्शन असतं. नवशिक्यांची दांडी इथेच उडते.

मित्र क्यू दाबतो तेव्हा तो हे आतलं चित्र बाहेर काढतो, इतकंच. ब्रशनं काळं फासलं की तिथे लाल चढतो, पांढरं फासलं की लाल उतरतो. परत क्यू दाबलं की मुंग्या हजर. सिलेक्शन हेच एक चित्र असल्यामुळे चित्राला जे जे करता येतं ते ते त्याला करता येतं. ब्रश, ब्लर, लेव्हल्स, ग्रेडियंट, काहीही. माझ्या मते फोटोशॉपमध्ये शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही. बाकी टूलं दर दोन वर्षांनी बदलतात.

सेव्ह केलेल्या सिलेक्शनला अल्फा चॅनेल का म्हणतात, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. पुढचं चित्र किती घ्यायचं, तर अल्फा इतकं. मागचं किती, तर एक वजा अल्फा. सूत्रातलं ते ग्रीक अक्षर नावालाच चिकटलं. 1984 साली टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रं एकमेकांवर चढवण्याचं पूर्ण गणित बसवलं, आणि 1996 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला.

तुमच्या मित्राच्या कामातलंच उदाहरण घेऊ. नवरीच्या मागे झेंडूच्या माळांची भिंत, कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या, त्यांची टोकं गालांच्या बाहेर लोंबताहेत आणि कानाजवळून केसांच्या चार बटा सुटलेल्या. ही नवरी दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवायची आहे. पेन टूलनं बटा कापाल तर केस प्लास्टिकचे दिसतील. चॅनेल्सच्या पॅनलमध्ये जा आणि लाल, हिरवा, निळा एकेक उघडून बघा. बहुतेक व्हिडिओंत सांगतात की केसांसाठी निळा चॅनेल घ्या. आभाळापुढे किंवा पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ते बरोबर आहे. झेंडूपुढे ते साफ फसतं, कारण केशरी रंगात निळा जवळजवळ नसतो. तिथे झेंडूही काळा आणि केसही काळे. लाल चॅनेलमध्ये मात्र झेंडू उजळून पांढुरका होतो आणि काळे केस काळेच राहतात. बटेतला केस न् केस सुटा दिसतो.

लाल चॅनेलची कॉपी करा. मूळ चॅनेलला हात लावू नका, नाहीतर फोटोचाच रंग जाईल. कॉपीवर लेव्हल्स लावून केस आणखी काळे, झेंडू आणखी पांढरा करा. पाकळ्यांमधल्या सावल्या आणि तोरणातली आंब्याची पानं काळी उरतील. ती पांढऱ्या ब्रशनं पुसा. मग कंट्रोल-आय दाबून चित्र उलटं करा, म्हणजे केस पांढरे होतील. चेहरा, दागिने, शालू हा आतला भाग मोठ्या पांढऱ्या ब्रशनं सरळ भरून टाका. बटांपाशी ब्रशचा मोड ओव्हरले ठेवा. त्या मोडमध्ये पांढरा ब्रश पक्क्या काळ्याला शिवत नाही, करड्याला तेवढा उजळतो.

राहिले मोती. लाल चॅनेलमध्ये मोती आणि झेंडू दोन्ही उजळ, त्यामुळे लोंबती टोकं मास्कमधून गायब झालेली असतील. आता निळ्याची पाळी. तिथे झेंडू काळाकुट्ट आणि मोती लख्ख. निळ्याची कॉपी करून लेव्हल्सनं ताणा, कंट्रोल धरून तिच्या चित्रावर क्लिक करा, सिलेक्शन तयार. मग केसांच्या चॅनेलमध्ये येऊन त्यात पांढरा भरा. केस लालमधून आले आणि मोती निळ्यातून. ही निवड तुम्ही हातानं कोरली नाहीत, ती फोटोत आधीपासून होती.

त्या चॅनेलवर कंट्रोल-क्लिक करून लेयर मास्क लावा. खोडरबर अजिबात नको. खोडलेलं पुढे कधी हवं झालं तर मिळत नाही, मास्कवर पांढरं फिरवलं की परत येतं. एवढं करूनही बटांच्या कडेला केशरी झाक दिसेलच, कारण मास्क फक्त 'किती' ते ठरवतो, पिक्सेलचा रंग बदलत नाही. वर एक नवा लेयर क्लिप करा, मोड डार्कन ठेवा आणि जवळच्या केसांचाच रंग घेऊन हलका ब्रश फिरवा.

हल्ली सिलेक्ट सब्जेक्ट एका क्लिकमध्ये माणूस काढून देतं. जरूर वापरा, मीही वापरतो. पण तेही शेवटी असंच करडं चित्र बनवतं, आणि लोंबते मोती त्यातून बऱ्याचदा गळतात. ऑल्ट धरून मास्कच्या चित्रावर क्लिक करा, म्हणजे मास्क पूर्ण पडद्यावर येईल. पार्श्वभूमीत राहिलेले पांढरे ठिपके आणि चेहऱ्यातली करडी भोकं तिथे लगेच सापडतात.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांची डोकी चिकटवल्यासारखी का दिसतात, तेही यातूनच कळेल. सगळ्या कडेला एकच फेदर मारलेला असतो. खऱ्या फोटोत कॉलरची कड टोकदार असते आणि फोकसबाहेरचा खांदा मऊ. मास्कवर एकाला कडक ब्रश आणि दुसऱ्याला मऊ वापरला की निम्मं काम झालं. फेदरचा आकडाही पाठ करू नका. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत दोन पिक्सेल म्हणजे काहीच नाही, सहाशेच्या फोटोत तेच डोळ्यांवर येतात.

फोटोशॉप परवडत नसेल तर गिम्प फुकट आहे; त्यातही क्विक मास्क आहे, शिफ्ट-क्यू दाबा. तोही लालच. काम पीएसडी किंवा टिफमध्ये ठेवा, जेपेगमध्ये मास्क टिकत नाही. आणि कापलेली नवरी पीएनजी करून व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलीत तर तिचं जेपेग होतं, आणि पारदर्शक पार्श्वभूमी जाऊन प्रेसवाल्याचा फोन येतो.