घरी कोणत्या भाषेत बोलायचं, हे शाळेला विचारू नका

‘घरीसुद्धा इंग्लिशमध्येच बोला, नाहीतर मूल मागे पडेल.’ मूल नर्सरीत घातलेल्या मराठी आईबापांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. कुणाला प्रवेशाच्या वेळी, कुणाला ओपन हाउसला, कुणाला डायरीतल्या शेऱ्यातून. आमच्याही वाट्याला ते आलं. आम्ही ते मानलं नाही आणि त्यानंतर शाळेकडून जी वागणूक मिळाली तिचा सल अजून गेलेला नाही. शाळेचं नाव घेत नाही, कारण हा सल्ला एका शाळेचा नाही. तो गल्लोगल्ली दिला जातो, इतक्या खात्रीने की पुरावा कुठे आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड शाळेला नव्हे, घराला पडतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी घरातून सगळ्यांत जास्त गरज असते ती भरपूर आणि सलग बोलण्याची. असं बोलणं मोठ्या माणसांना ज्या भाषेत न अडखळता बोलता येतं, त्याच भाषेत होऊ शकतं.

हा सल्ला पाळणाऱ्या घरात काय होतं ते जवळून पाहा. मराठी सुटते, पण तिच्या जागी इंग्रजी येत नाही. येतं ते असं: ‘बेटा, हँड वॉश कर.’ ‘मिल्क फिनिश कर.’ ‘लुक, डॉगी!’ ‘नो, डर्टी!’ नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी आणि वाक्यं जवळजवळ सगळी हुकमाची किंवा वस्तूंच्या नावांची. आता त्याच घरात आजी मेथी निवडायला बसली आहे आणि नात शेजारी आहे असं धरा. ‘ही काडी कोवळी आहे, राहू दे. ही बघ, नुसती वाकते, मोडत नाही, म्हणजे जून झाली. पिवळं पान वेगळं ठेव. सगळी पानं एकदम धुतली तर माती खाली बसणार नाही, म्हणून दोनदा पाणी बदलायचं.’ एवढ्या बोलण्यात वर्गीकरण आहे, तुलना आहे, कारण आणि परिणाम आहे, क्रम आहे, ‘जर’ आणि ‘तर’ आहे. पुढे गणितात आणि विज्ञानात लागणाऱ्या विचाराची सगळी घडण इथे चालली आहे आणि तीही त्या मुलीला धडा वाटत नाही. ही आजी इंग्रजीत काय बोलणार? सल्ला पाळायचा म्हणजे तिने गप्प बसायचं. अनेक घरांत ती खरंच गप्प बसते. आपल्या बोलण्याने नातवंडाचं नुकसान होईल, असं तिला तिच्याच मुलाने आणि सुनेने सांगितलेलं असतं. मला या सल्ल्याचा सगळ्यांत जास्त राग येतो तो इथे.

पुरावा विचारायचा तर तो आहे, आणि आजचा नाही. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचायला न शिकलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक आणि सारख्या आवाजाचे शब्द किती ओळखता येतात हे त्यांनी आधी तपासलं आणि मग त्या मुलांचं वाचन काही वर्षं पाहिलं. ज्यांचा कान यमकाला तयार होता, ती मुलं पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये सरस ठरली. म्हणजे आपल्याकडे मांडीवर घेऊन म्हटली जाणारी बडबडगीतं, आडवळणी शब्दांचे खेळ, नावांना नावं जुळवणं हा वाचनाचा पाया आहे. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९८८ सालचा. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं की चित्रांचं पुस्तक दाखवताना नुसतं वाचू नका, मोकळे प्रश्न विचारा आणि मुलाचं उत्तर पुढे वाढवा. महिनाभरात ती मुलं भाषेच्या चाचण्यांत इतर मुलांच्या काही महिने पुढे गेली. मोकळा प्रश्न विचारायला आणि मुलाचं अर्धं वाक्य झेलून पुरं करायला भाषा हाताशी असावी लागते. पालकसभेत ज्या पालकांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो, त्यांच्याकडून हे इंग्रजीत कसं होईल? कॅनडाचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही, ती सोबत येते. मेथी दोनदा का धुवायची हे मराठीत कळलेल्या मुलीला इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे उरतात.

परदेशी अभ्यास इथे लागू होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच कोसबाडकडे पाहावं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं इथे परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना आज सगळा देश अंगणवाडी म्हणतो. ताराबाईंनी किंवा अनुताईंनी तिथल्या वारली आदिवासी आईला कधी सांगितलं नाही की आधी तुझी बोली सोड, मग मूल पाठव. घरात जे आहे त्यातूनच त्यांनी शिक्षण उभं केलं. हा महाराष्ट्राचा वारसा आहे. त्याच महाराष्ट्रात भरमसाट फी घेणारी नर्सरी आईला भाषा बदलायला सांगते, हे मला सहन होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: इंग्रजीशिवाय आज पोट भरत नाही. मान्य. इंग्रजी चांगली यायलाच हवी आणि म्हणूनच ती चांगली बोलणाऱ्याकडून शिकायला हवी. मूल दोन-तीन भाषा एका वेळी सहज शिकतं. मुंबईतली मुलं घरी मराठी, जिन्यात हिंदी आणि शेजारच्या घरात गुजराती बोलतात, त्यांचं काही बिघडत नाही. इंग्रजी येण्यासाठी मराठी काढून टाकावी लागते हे गृहीतकच खोटं आहे. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. मातृभाषेत शिकणारी मुलं तरी कुठे पुढे आहेत? ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी सुमारे २७ टक्केच निघाली आणि तिसरीतली ही बहुतेक मुलं आपापल्या राज्याच्या भाषेत शिकतात. हा आकडा मी झाकणार नाही. पण त्यातून एवढंच कळतं की नुसती ओळखीची भाषा पुरत नाही, वाचायला नीट शिकवावं लागतं. जिथे ओळखीच्या भाषेतही वाचन इतकं अवघड जातंय, तिथे अनोळखी भाषेने ते सोपं कसं होणार? आणि खानदेशातल्या मुलाची अहिराणी किंवा सिंधुदुर्गातल्या मुलाची मालवणी ‘अशुद्ध’ म्हणून झटकून टाकणाऱ्या मराठी शाळाही या दोषातून सुटत नाहीत. तोच रोग आहे. तिसरा आक्षेप म्हणजे, एवढं आहे तर मराठी माध्यमात का घातलं नाही? शाळा निवडताना अंतर, पैसा, नोकरीतली बदली, भावंडं असं बरंच काही पाहिलं जातं आणि प्रत्येक घराने ते आपलं आपण ठरवावं. शाळेचं माध्यम इंग्रजी असल्याने घराचं माध्यम ठरवण्याचा अधिकार शाळेला मिळत नाही, इतकंच मी म्हणते.

शाळांची वागणूक नीट पाहिली की या सल्ल्यामागचं खरं कारण दिसतं. मूल वर्गात पहिले काही महिने गप्प असतं. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं अशी गप्प राहतात आणि ऐकत असतात, हे बालशिक्षणाचा अभ्यास केलेल्या कुठल्याही शिक्षिकेला माहीत असायला हवं. पण शेरा येतो, ‘रिस्पॉन्ड करत नाही’. शिक्षिका मराठी, पालक मराठी, मूल मराठी आणि तरी तिघांमधलं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालतं. रडणारं मूल धाव घेतं ते मदतनीस मावशींकडे, कारण साऱ्या इमारतीत त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या त्या एकट्याच. पालकांनी उलट प्रश्न विचारला की सूर बदलतो. पालक ‘सहकार्य करत नाहीत’ अशी नोंद होते, पुढच्या सभेत इतरांदेखत तिचा उल्लेख होतो आणि मुलाच्या प्रत्येक अडचणीचं खापर घरावर फुटू लागतं. यातलं मला कळलेलं सत्य असं: इंग्रजी शिकवण्याची फी शाळेने घेतली आणि शिकवण्याचं काम घरी पाठवून दिलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई केली आहे. पण त्या कायद्यातलं ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचं, म्हणून नर्सरीच्या दारात ‘इंटरॅक्शन’ या नावाखाली आईचं इंग्रजी जोखलं जातं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं. ते धोरण माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मिरवणाऱ्या शाळासुद्धा पालकांना घरी मराठी बंद करायला सांगतात.

घरातली भाषा लवकर काढून टाकल्याचं पुढे काय होतं, हे अमेरिकेतल्या लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलं आहे. इंग्रजी घरभाषा नसलेल्या हजाराच्या घरातल्या कुटुंबांची माहिती त्यांनी गोळा केली. लहान वयात इंग्रजी बालशाळेत गेलेली अनेक मुलं घरची भाषा टाकून बसली आणि आईबापांना इंग्रजी पुरेशी येत नसल्याने घरात एकमेकांशी नीट बोलणंच उरलं नाही. धाक, माया, समजूत घालणं, जुन्या गोष्टी सांगणं हे सगळं भाषेतूनच चालतं. पुण्या-ठाण्यातल्या आजीआजोबांचा न्यू जर्सीतल्या नातवंडांशी होणारा व्हिडिओ कॉल ‘हाउ आर यू’च्या पुढे सरकत नाही, हे आपण पाहतोच. ती दुरी पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आणायची काय गरज आहे?

मग करायचं काय? शाळेत पाठवण्याआधी मुलाला इंग्रजीतली गरजेची आठ-दहा वाक्यं मात्र पक्की शिकवा: शूला जायचंय, पाणी हवंय, पोट दुखतंय, त्याने मारलं, मला समजलं नाही. आणि हीच वाक्यं मूल मराठीत बोललं तर वर्गात कोण समजून घेईल, हे प्रवेशाआधी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरण्याआधी दुसरी शाळा पाहा. पैसे भरल्यावर तुमच्या बोलण्याला किंमत राहत नाही. घरी इंग्रजीसाठी वेगळी वेळ ठेवा, एखादं गाणं, एखादं चित्रांचं पुस्तक, आणि घरात ज्याला ती बरी येते त्यानेच ते करावं. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी फुकट मिळतात. एकच गोष्ट आधी मराठीत रंगवून सांगा, मग इंग्रजीत दाखवा. पाहुण्यांसमोर ‘सांग, ॲपलचं स्पेलिंग’ हे थांबवा. ‘हे काय आहे’ कमी विचारा, ‘मग काय झालं’ आणि ‘तुला काय वाटतं’ जास्त विचारा. मोबाइलवरच्या इंग्रजी बालगीतांनी मूल इंग्रजी शिकेल यावर विसंबू नका. दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि दोन ते पाच वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. झोप, खाणं, खेळ नीट ठेवा, घाई करू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात.

एक गोष्ट मात्र शाळेवर किंवा शेजाऱ्यांवर सोडू नका. मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळलंय’ हे ऐकून स्वस्थ बसू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आधी श्रवणचाचणी करून घ्या, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात. तिथेही कुणी घरी एकच भाषा ठेवा, आणि तीही इंग्रजी, असं सुचवलं तर कारण विचारा. शाळेने पुन्हा तोच आग्रह धरला तर भांडू नका, आवाज चढवू नका. हा सल्ला कोणत्या अभ्यासाच्या किंवा शासनाच्या कोणत्या सूचनेच्या आधारावर दिला ते लेखी मागा, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी, आणि तुमच्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही मागितलं होतं. उत्तर आलं नाही, पण त्यानंतर डायरीतले ते शेरे बंद झाले.